तुमची गोष्ट द्या, सांभाळून ठेवू

२०१७च्या जानेवारीत आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारावर एक फलक लागला : ‘आपली प्रेमकथा लिहून द्या. निवडक कथा वार्षिक अंकात छापू.’ फलक मी स्वतः रंगवला होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, निर्मळच्या वाटेवरचं आमचं गाव. शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि वार्षिकाचं काम माझ्याकडे आलं होतं. अंकात दरवर्षी आरोग्याचे लेख, सहलीची वर्णनं आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो येत. गावातल्या माणसांनी एकदा तरी स्वतःचं काही लिहावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

महिनाभरात दाराशी ठेवलेल्या पेटीत चार कागद पडले. तीन कविता, त्याही सिनेमातल्या गाण्यांवरून जुळवलेल्या. चौथ्या कागदावर निळ्या शाईत एकच ओळ होती : ‘आमच्या घरात असलं काही झालेलं नाही.’

तो चौथा कागद मी जपून ठेवला आहे. पुढची सगळी वर्षं मी त्या एका ओळीला उत्तर शोधत राहिले. आज माझ्या कपाटात दीडशेच्या आसपास गोष्टी आहेत. त्यांतल्या साठेक छापल्या, काही वाचून दाखवल्या, बाकीच्या लिहिणाऱ्यांच्या सांगण्यावरून नुसत्या ठेवल्या आहेत. हे काम करताना जे शिकले ते इथे मांडते आहे. एखादं वाचनालय, महिला मंडळ, चर्चचा युवक गट किंवा महाविद्यालयाचा मराठी विभाग असं काही करणार असेल, तर त्यांना उपयोग व्हावा.

१. फलकावरचा शब्द आधी तपासा

‘प्रेमकथा’ म्हटलं की आमच्या गावात लोकांना दोनच गोष्टी आठवतात : सिनेमा, नाहीतर कुणाची तरी मुलगी पळून गेली ते. चाळीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या, एकमेकांची दुखणीखुपणी काढलेल्या माणसांना तो शब्द आपला वाटतच नाही. निळ्या शाईतली ती ओळ खोटी नव्हती. माझा प्रश्न चुकला होता.

दुसऱ्या वर्षी फलकावर लिहिलं : ‘तुम्ही पती-पत्नी पहिल्यांदा कुठे भेटलात? आधी कोण बोललं? काय बोललं?’ या वेळी दोन महिन्यांत एकोणीस कागद आले. लोकांना उत्तर येत असलेला प्रश्न विचारला की ते लिहितात.

पण त्याही फलकात एक खोट होती. ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर काही आठवड्यांनी पोस्टाने एक पाकीट आलं. आत वहीचा अर्धा कागद, वर नाव नाही, खाली पत्ता नाही. ‘बाई, आम्ही दोघी सोळा वर्षं एकत्र राहतो. गाव आम्हांला मैत्रिणी समजतं. तुमच्या फलकावर पती-पत्नी लिहिलंय. आमच्या गोष्टीला जागा आहे का?’

उत्तर कुठे पाठवायचं तेच कळेना. शेवटी फलक खाली उतरवला, ‘पती-पत्नी’ पुसून तिथे ‘दोघं किंवा दोघी’ लिहिलं आणि तळाला एक शब्द वाढवला : ‘आहे.’ गावात कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. तीन आठवड्यांनी त्याच अक्षरातली सहा पानं आली. पुढे विधवा बायकांनी लिहिलं. जन्मभर लग्न न केलेल्या एका आत्याबाईंनी लिहिलं. एवढी माणसं माझ्या एका शब्दामुळे दाराबाहेर उभी होती.

२. पेटी कुठे ठेवता, याला फार महत्त्व आहे

पहिल्या वर्षी पेटी दाराशी, वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ होती. सकाळी तिथे आठ-दहा निवृत्त मंडळी पेपर वाचत बसतात. त्यांच्या नजरेखालून कोण आपली गोष्ट पेटीत टाकणार? दुसऱ्या वर्षी पेटी आतल्या खोलीत, मुलांच्या पुस्तकांच्या कपाटामागे हलवली आणि फलकावर लिहिलं, पोस्टाने पाठवलं तरी चालेल. निम्म्या गोष्टी तेव्हापासून पोस्टाने येऊ लागल्या. त्यांतल्या बऱ्याच पाकिटांवर शिक्का आमच्याच पोस्टाचा होता. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी माणसं तिकीट लावून गोष्टी पाठवत होती.

३. प्रेमाबद्दल विचारू नका, वस्तूबद्दल विचारा

हा धडा मला एका बागायतदार आजोबांनी दिला. वय ऐंशीच्या आसपास. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मी विचारलं, तर हात हलवत म्हणाले, “आमचं कसलं प्रेम, बाई. लग्न झालं, वाडी केली, पोरं मोठी झाली. संपलं.”

मी वेगळं विचारलं, “आजींची अशी कुठली वस्तू आहे, जी तुम्ही अजून टाकली नाहीत?”

ते उठले आणि बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा घेऊन आले. आत फुलांच्या पट्ट्या होत्या. पट्टी म्हणजे दादरच्या फूलबाजारातला दलाल माल विकून जो हिशेबाचा कागद देतो तो : वजन, भाव, दलाली, हातात पडलेली रक्कम. आजोबा पहाटे बॅटरीच्या उजेडात मोगरा खुडून, ओल्या फडक्यात बांधून पहिल्या गाडीने दादर गाठत. दुपारी परत येईपर्यंत आजी वाडीत पाण्याला लागलेल्या असत, आणि संध्याकाळी त्या चुलीपाशी बसत तेव्हा आजोबांचा डोळा लागलेला असे. दोघं एकमेकांशी बोलणार कधी? चौथीपर्यंत शिकलेल्या आजी आदल्या दिवशीच्या पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवत.

आजोबांनी एकेक पट्टी माझ्यापुढे ठेवली. ‘पांढरा दोरा दोन रिळं. धाकट्याचा ताप उतरला.’ ‘आई आल्यात. गोड काहीतरी आणा.’ ‘मोटारीचा पट्टा तुटला, मी शेजारून पाणी घेतलं, काळजी नको.’ आणि एका पट्टीवर, पेन्सील पुसट झालेली : ‘गर्दी असली तर एक गाडी सोडा. पण बसून या.’

ती ओळ वाचून दाखवताना आजोबांचा आवाज बसला. त्या काळात बाजारावरून दमून परतताना गाडीत बसायला मिळणं म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला सांगावं लागत नाही. विरारहून मुंबईला गाडी १८६७पासून जाते. इतक्या वर्षांत त्या गाडीतून कितीजणींचा जीव टांगणीला लावून कितीजण गेले-आले असतील! ‘बसून या’ हे माझ्या वाचनातलं सगळ्यांत सुंदर प्रेमपत्र आहे.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न वस्तूचा असतो. आखातात नोकरीला असलेल्या नवऱ्याने आवाज भरून पाठवलेल्या कॅसेट एकीने दाखवल्या. त्या वाजवायचं यंत्र घरात उरलं नव्हतं, तरी कॅसेट देव्हाऱ्याशेजारी होत्या. एकाने अर्नाळ्याच्या एसटीचं तिकीट पाकिटात ठेवलं होतं. वस्तू हातात घेतली की माणूस आपसूक बोलायला लागतो.

४. ज्या बोलीत घडलं, त्या बोलीत राहू द्या

लिहिता न येणाऱ्या माणसांकडे आम्ही महाविद्यालयातल्या मुलामुलींना वही घेऊन पाठवलं. कुपारी समाजातल्या एका आजींनी आपली गोष्ट कादोडी बोलीत सांगितली. लिहून घेणाऱ्या मुलीने मोठ्या कष्टाने तिचं ‘शुद्ध’ मराठी केलं. मीही त्यावर लाल पेन फिरवला, वाक्यं नीट केली. मग आम्ही दोघी आजींना ते वाचून दाखवायला गेलो. लाल लुगडं नेसलेल्या आजी ओट्यावर बसून शांतपणे ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “छान आहे. कुणाची गोष्ट ही?”

चूक माझ्या लक्षात आली. आजींच्या तोंडची दटावणी, लाजणं, नवऱ्याला मारलेली हाक, सगळं त्या बोलीत होतं. मी त्यांचं बोलणं धुऊन इस्त्री केलं होतं आणि त्यात आजी उरल्या नव्हत्या. आम्ही पहिली वही पुन्हा काढली. कादोडी जशीच्या तशी छापली आणि कठीण शब्दांचे अर्थ खाली दिले.

ऐकणाऱ्याला कळावं म्हणून फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठीत रचलं; ते १६१६मध्ये छापलं गेलं. परदेशातून आलेल्या माणसाला लोकभाषेचं मोल कळलं होतं, मग आपण आपल्या आजीच्या बोलीला का लाजावं? वसईत कादोडी आहे, वाडवळी आहे, कोळ्यांची आणि आगऱ्यांची बोली आहे. पाचूबंदरच्या बाईने जाळ्याशेजारी बसून नवऱ्याची वाट पाहिली, ती तिच्याच शब्दांत कळते. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हे काम करताना लाल पेन घरी ठेवा.

५. गोष्ट दोघांची असते

एका गृहस्थांनी लिहिलं : वसई रोड स्टेशनवर, फलाटावरच्या गर्दीत ती माझ्याकडे एकटक पाहत होती आणि तेव्हाच मी ठरवलं. आमच्या नियमाप्रमाणे छापण्याआधी मजकूर त्यांच्या पत्नीकडे गेला. त्यांनी खाली एक परिच्छेद जोडून पाठवला : ‘मी ह्यांच्याकडे पाहत नव्हते. ह्यांच्या डोक्यावरच्या इंडिकेटरकडे पाहत होते. माझी गाडी चुकली होती आणि घरी आई आजारी होती. त्यांनी मात्र त्या दिवशी मला दुसऱ्या गाडीत जागा मिळवून दिली, हे खरं.’

आम्ही दोन्ही मजकूर शेजारीशेजारी छापले. त्या अंकातलं ते सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं पान. एकाच घटनेच्या या दोन बाजू वाचताना कळतं की संसार दोन आठवणींवर उभा असतो.

दुसरी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय एक ओळही छापायची नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. जुन्या प्रेमाबद्दल लिहिलेल्या काही फार चांगल्या गोष्टी केवळ यामुळे कपाटात राहिल्या आहेत. त्याचं मला दुःख नाही. ज्याचं आयुष्य आहे त्याची परवानगी हवीच.

६. नाव बदललं म्हणजे माणूस लपत नाही

हा धडा सगळ्यांत महाग पडला. तोही माझ्याऐवजी दुसऱ्या एका बाईला.

साठीच्या एका विधवा बाईंनी विश्वासाने लिहून दिलं होतं. लग्नाआधी एका मुलावर त्यांचा जीव होता. दोन घरांत जुनं वैर, त्यामुळे काही जमलं नाही. संध्याकाळी बावखलाच्या काठावर दोघं पाच मिनिटं भेटत. आम्ही दोघांची नावं बदलली, गावाचं नाव गाळलं, आणि झालं असं समजलो. पण बावखल तसंच राहिलं, काठावरची दोन आंब्याची झाडं तशीच राहिली, त्या मुलाची हिरव्या मडगार्डची सायकल तशीच राहिली. बावखल म्हणजे आमच्याकडची गावतळी, गोड्या पाण्याची. प्रत्येक गावातल्या लोकांना आपापली बावखलं घरातल्या माणसांसारखी माहीत असतात. आठ दिवसांत सगळ्यांनी ओळखलं. त्या सायकलवाल्या मुलाचे आता नातू आहेत. त्याच्या घरात भांडणं झाली.

बाईंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. वाचनालयात येणं मात्र थांबवलं. मी दोनदा घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चहा दिला, आणि तो विषय पुन्हा काढू नका म्हणाल्या. त्यांची आवडती खुर्ची खिडकीपाशी होती. ती बरेच महिने रिकामी होती, आणि तिच्याकडे पाहिलं की मला माझी चूक दिसायची.

त्यानंतर आम्ही कडक पद्धत पाळतो. जागा, वाहन, धंदा, भावंडांची संख्या, या चार गोष्टींवरून खेड्यात माणूस ओळखू येतो, म्हणून नावाबरोबर त्याही बदलतो. बदललेला मजकूर लिहिणाऱ्याला दाखवतो. मग एक महिना थांबतो आणि पुन्हा विचारतो. महिन्यानंतरही ‘छापा’ म्हणाले तरच छापतो. लिहिताना मन भरून आलेलं असतं आणि माणूस सगळं सांगून मोकळा होतो. त्या भरात दिलेली परवानगी खरी धरायची नसते. आपल्याकडे आलेली गोष्ट ही ठेव आहे. ठेव ठेवणाऱ्याने विश्वास टाकलेला असतो, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही.

७. ठरवून झालेल्या लग्नांना वगळू नका

‘आमचा काही प्रेमविवाह नाही,’ असं सांगून माघार घेणारी माणसं शेकड्यांनी भेटतात. त्यांना मी रमाबाई रानडे यांची आठवण करून देते. १८७३मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. न्यायमूर्ती रानडे यांनी ते वडिलांच्या आग्रहाखातर केलं होतं. लग्नानंतर त्यांनी बायकोला अक्षरओळखीपासून शिकवायला घेतलं. १९१०मध्ये रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. त्या वाचताना हे लग्न कसं ठरलं होतं, हे मनात येतही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. शाळेचं शिक्षण न मिळालेल्या या बाईंचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागलं. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. नंतर लक्ष्मीबाई पुन्हा नवऱ्याकडे आल्या, काही काळाने त्यांनी स्वतःही तो धर्म स्वीकारला. मराठीत यापेक्षा मोठी प्रेमाची गोष्ट मला सांगता येणार नाही, आणि ते लग्नही घरच्यांनीच ठरवलेलं होतं.

आमच्या एका ख्रिस्ती आजोबांनी लिहिलं, की लग्नाच्या दिवसापर्यंत मी तिचा चेहरा धड पाहिला नव्हता. चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये झाली. त्यातलं एक अक्षर आम्हांला कळलं नाही. मधेच तिने हळूच विचारलं, “तुम्हांला कळतंय का?” मी नाही म्हणालो. ‘आमचा संसार या एका खऱ्या उत्तरापासून सुरू झाला,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य.

८. तक्रारीलाही जागा द्या

सुरुवातीला आम्ही फक्त गोड-गोड छापत होतो. एका बाईंनी लिहिलं होतं, की चाळीस वर्षांत नवऱ्याने एकदाही ‘जेवलीस का’ विचारलं नाही, मात्र तिच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर तीन रात्री बसून राहिला. आमच्या समितीतले काहीजण म्हणाले, पहिला भाग गाळू. मी नाही म्हटलं. पहिला भाग गाळला तर त्या तीन रात्रींचं वजन कळणार कसं?

सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९०मध्ये आलं तेव्हा पुष्कळ वाचकांना राग आला. लाडक्या पु.लं.बद्दल त्यांच्या बायकोने असं लिहावं! पण ज्याच्याबद्दल काही वाटतच नाही, त्याच्यावर कुणी एवढं मोठं पुस्तक कशाला लिहील? सोबत राहिल्याचा हिशेब स्वच्छ मांडायला धैर्य लागतं. आपल्या गावातल्या बाईने ते दाखवलं, तर संपादकाने तिची ओळ कापू नये. मारहाणीच्या, छळाच्या गोष्टी मात्र वेगळ्या. त्या आल्या तर अंक बाजूला ठेवून आधी त्या बाईला मदत मिळवून द्यावी. आम्ही दोनदा तसं केलं आहे.

९. जातधर्म ओलांडलेल्यांची जास्त काळजी घ्या

वसईत देऊळ, चर्च आणि मशीद एकाच रस्त्यावर भेटतात. निर्मळच्या कार्तिकी यात्रेत सगळ्या धर्मांची माणसं खरेदीला जातात. शेजार जुना, जेवणखाण एकमेकांकडे, पण सोयरीक म्हटली की चेहरे बदलतात. चर्चमध्ये लग्नाची घोषणा सर्वांसमोर होते. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते. ज्यांच्या लग्नाला घरचा आशीर्वाद आहे, त्यांना या जाहीरपणाचं काही वाटत नाही. ज्यांना घरातूनच भीती आहे, त्यांचे ते तीस दिवस कसे जातात, हे आमच्याकडे आलेल्या दोन गोष्टींत लिहिलं आहे. त्या दोन्ही आम्ही छापलेल्या नाहीत. एका जोडप्याने सासूबाई हयात असेपर्यंत नको, असं सांगितलं आहे. आम्ही थांबलो आहोत.

ऑक्टोबर २०२०मध्ये एका दागिन्यांच्या जाहिरातीतल्या आंतरधर्मीय घरावरून देशभर वादळ उठलं. त्यानंतर प्रिया रमाणी, समर हळर्णकर आणि निलूफर वेंकटरामन या तीन पत्रकारांनी ‘इंडिया लव्ह प्रोजेक्ट’ सुरू केला. जातधर्माच्या पलीकडे जाऊन एकत्र आलेल्या माणसांनी स्वतःची गोष्ट आणि फोटो द्यावेत, असं आवाहन होतं. लोकांनी दिले. द्वेषाच्या बातम्या रोज येत असताना सुखाने नांदणाऱ्या माणसांनी पुढे येऊन ‘आम्हीही आहोत’ म्हणणं फार गरजेचं होतं. पण शहरात नावानिशी फोटो देणं आणि गावात देणं यांत अंतर आहे. गावात सकाळी दूध घ्यायला त्याच रस्त्याने जायचं असतं. पुढे यायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. आपण फक्त दार उघडं ठेवायचं.

१०. शंभर शब्द मागा

‘लिहा’ म्हटलं की लोकांना परीक्षेतला निबंध आठवतो. न्यूयॉर्क टाइम्समध्ये २००४पासून ‘मॉडर्न लव्ह’ हे सदर चालतं, वाचकांनीच लिहिलेलं. नंतर त्यांनी फक्त शंभर शब्दांच्या छोट्या गोष्टीही मागवायला सुरुवात केली. हे वाचून आम्ही पोस्टकार्डं वाटली. पोस्टकार्डावर मावेल तेवढंच लिहायचं. त्या वर्षी सगळ्यांत जास्त गोष्टी आल्या, आणि पहिल्यांदाच पुरुषांच्या गोष्टी बायकांपेक्षा जास्त होत्या.

११. प्रेमाच्या गोष्टी मागितल्या, गावाचा इतिहास मिळाला

हे मी मुळीच ठरवलं नव्हतं. सगळ्या गोष्टी ओळीने वाचल्या तेव्हा दिसलं. रहाट जाऊन पंप आले ते कोणत्या साली, हे मला एका नवऱ्याने बायकोच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांबद्दल लिहिलं त्यातून कळलं. विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं आणि वाड्या सुकू लागल्या, ते एका नव्या नवरीने सासरच्या विहिरीचं पाणी मचूळ झाल्याचं लिहिलं त्यातून. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिच्या एका मोर्चात एकाच फलकाच्या दोन काठ्या धरून चाललेल्या दोघांचं पुढे लग्न झालं. त्यांच्या पाच पानांत त्या दिवसाचं ऊन, घोषणा, तहान सगळं आहे.

दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. आपल्या मातीतल्या माणसाने आपल्याबद्दल मराठीत लिहावं, हा आग्रह आमच्या पिढीने तिथून घेतला. २०२४च्या जुलैत ते गेले. वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत, काही बावखलं बुजली. ज्या आंब्याखाली कुणी कुणाला पहिल्यांदा हाक मारली, तो आंबा आता कागदावर आहे.

१२. वाचून दाखवा, पण स्वतःची स्वतः नको

वर्षातून एकदा, नाताळनंतरच्या शनिवारी, वाचनालयाच्या अंगणात आम्ही गोष्टी वाचतो. प्रत्येक गोष्ट दुसरंच कुणीतरी वाचतं. लिहिणारा श्रोत्यांत बसलेला असतो, ओळख न देता. गेल्या वर्षी पट्ट्यांची गोष्ट अकरावीतल्या एका मुलाने वाचली. ‘बसून या’ ही ओळ आली तेव्हा अंगणात कुणी हललं नाही. तिसऱ्या रांगेत आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, बऱ्याच काळानंतर, त्या बावखलाच्या बाई येऊन बसल्या होत्या.

आता तुम्हांला एक विनंती. तुमच्या घरात, शेजारी, वाडीत जी सगळ्यांत वयस्कर जोडी असेल, किंवा त्या जोडीतलं जे एक माणूस उरलं असेल, त्यांच्याकडे या रविवारी जा. प्रेमाबद्दल काही विचारू नका. ‘तुम्ही जपून ठेवलेली वस्तू दाखवाल का?’ एवढंच विचारा आणि वही उघडून बसा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, वाचून दाखवा, आणि छापायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. मग तुमची स्वतःची गोष्टही एका पोस्टकार्डावर लिहा. ती कुणाला द्यायची नसेल तर देऊ नका. तुमच्या पट्ट्यांच्या डब्यात ठेवा. पण लिहा.